बाहेरची कडी

अमृता : पप्पा, पाना खाली ठेवा. त्याच्या डोक्यातून रक्त येतंय.

कचरू : येऊ दे. लालच हाय की. मला वाटलं, पुंजारामच्या पोराच्या अंगात दुसरंच कायतरी असंल.

शिवराज : कचरू, सांगून ठेवतो, लई महागात पडंल. मी बोलायला आलतो. हात उचलायला नाय.

कचरू : कचरू? माझ्या घरात, माझ्या फरशीवर पडलास, अन् वरून कचरू? तुझ्या बापापेक्षा मोठा हाय मी. उठू नको. उठलास तर गुडघा फोडीन.

शिवराज : काय वाईट बोललो मी? तुमची पोरगी इंग्लंडला शिकायला चाललीय. तिला तिकडं राहायला खोली पायजे. मी म्हणलं, चांगली खोली घ्या. एकटीची घ्या, कॉलेजच्या आवारातली. भाडं आम्ही भरतो. फक्त आमच्या मोनिकाच्या खोलीत नको. ह्यात शिवी कुठं दिली?

कचरू : ऐकलंस अमृता? तुझ्या आईला जाळली, आता तुझं भाडं भरत्यात.

शिवराज : आम्ही जाळली नाय. कोर्टानं सोडलंय आम्हाला. निर्दोष सोडलंय.

अमृता : पप्पा! नको! पप्पा, सोडा त्याला!

शिवराज : आई गं... बोट... माझं बोट मोडलं...

कचरू : कोणी मोडलं? साक्षीदार आण.

शिवराज : मोडलं हो... बघा ना, लोंबायलंय...

कचरू : अमृता घरची पोरगी. तिची साक्ष चालत नाय. माझ्या भावाची चालली नव्हती, तसंच. बाहेरचा माणूस आण.

(दारावर थाप पडते.)

अमृता : कोण? गीतामावशी? काही नाही हो, कुकरचं झाकण उडालं. नाही, नाही, भाजलं नाही कोणाला. पप्पा घरीच आहेत. मी येते नंतर तुमच्याकडं.

शिवराज : मी ओरडीन आता.

कचरू : ओरड. गारखेड्याची वस्ती हाय ही, लोक धावून येतेत. तुमच्या गल्लीत माझी बायको ओरडत होती, तवा सगळ्यांनी टीव्ही मोठा केला.

शिवराज : दार उघडा. मला जाऊ द्या.

कचरू : दार आतून लावलंय. ह्या घराचं दार बाहेरून लागतच नाय. राहायला आलो त्याच दिवशी बाहेरच्या कड्या कापून टाकल्या मी. मोरीची सुद्धा. शेजारचे हसले. म्हणले, कचरूभाऊ, बाहेर जाताना कुलूप लावणार कुठं? म्हणलं, चोरी झाली तर झाली.

अमृता : पप्पा, पाणी प्या आधी. पाना द्या माझ्याकडं.

कचरू : पाना राहू दे. तू सांग. ती मोनिका ह्याची बहीण, हे तुला ठाव होतं?

अमृता : सुरुवातीला नव्हतं.

कचरू : अन् नंतर?

अमृता : नंतर कळलं.

कचरू : कळलं, तरी तिच्याच खोलीत राहायचं? खोल्या संपल्या का तिकडं?

अमृता : ब्रॅडफर्डमध्ये खोल्या खूप आहेत. आपल्याला परवडणाऱ्या नाहीत. कॉलेजचं होस्टेल बघितलं, तुमचा सगळा फंड त्यातच गेला असता. एक स्वस्त होती, तिच्या भिंतीला काळी बुरशी. एकीत पाच मुलं राहतात. एक घरमालक म्हणाला, तिकडचा कोणी जामीन दे. मी कुठून देऊ जामीन? सगळीकडं विचारून झाल्यावर आपल्या जिल्ह्यातल्या मुलामुलींच्या ग्रुपवर टाकलं. तिथं मोनिकाचा मेसेज आला. म्हणाली, तुझं आडनाव आमच्या गावाचं, म्हणजे तू आमच्यातलीच. माझ्या खोलीत एक खाट रिकामी झालीय, ये, अर्धं भाडं दे.

शिवराज : फसवलं तिला. आडनाव आमच्या गावाचं लावायचं अन् पोरींना फसवायचं.

कचरू : तुमचं गाव? माझा आज्जा त्याच गावात मेला. इथं नोकरी मिळंना म्हणून जुनं आडनाव टाकलं, गावाचं नाव लावलं. का गावाचं नाव पण बापाच्या सातबाऱ्यावर चढवलं तुझ्या?

अमृता : तिला वाटलं, मी तुमच्या भावकीतली. मला वाटलं, गावातली कुठली तरी चांगली मुलगी. आम्ही रोज बोलायचो. कुकर आणू का, कढीपत्ता मिळतो का, असलंच. मग एकदा तिनं खोली दाखवली, व्हिडिओवर. भिंतीवर फोटो होता. गच्चीवर केक कापतेय. तिच्या मागं आपलं घर होतं, पप्पा. दाराशेजारी आईची डालडाच्या डब्यातली तुळस पण होती.

कचरू : घरावर पत्रे होते?

अमृता : होते. जळायच्या आधीचा फोटो होता तो.

कचरू : मग?

अमृता : मग मी सांगितलं तिला मी कोणाची मुलगी ते. तिनं फोन ठेवला. आठवडाभर काही नाही. मग तिचाच फोन आला. म्हणाली, खाट तशीच ठेवलीय, कोणाला दिली नाही.

शिवराज : ती येडी हाय. आईला फोन करून सांगितलं तिनं, त्या जळालेल्या बाईचीच पोरगी येणार म्हणून. आई जेवली नाय कालपासून.

कचरू : अरे अरे. जेवली नाय का.

अमृता : पप्पा, बोलू द्या मला.

कचरू : नाय. तू ऐक. तू जायचं नाय. शिक इथंच, नायतर शिकू नको. पण ह्याच्या बहिणीच्या बाजूच्या खाटेवर माझी पोरगी झोपायची नाय. पैसे वाचत्यात म्हणून? तुझ्या आईपेक्षा पैसे जास्त झाले?

अमृता : पैशासाठी असतं तर तुमच्यासमोर तिचं नाव पण घेतलं नसतं मी. पप्पा, त्या दिवशी मोनिका गच्चीवर होती. आपल्या दाराची बाहेरची कडी कोणी लावली, ते तिनं बघितलंय.

शिवराज : झूठ! एकदम झूठ. ती लहान होती.

अमृता : नववीत होती. नववीतल्या मुलीला हात ओळखू येतो.

कचरू : कोणी लावली?

अमृता : आधी पाना द्या.

कचरू : कोणी लावली अमृता?

अमृता : पाना माझ्या हातात द्या, मग सांगते.

शिवराज : काका, ऐका माझं... तिच्या नादी लागू नका काका...

कचरू : आता काका झालो व्हय? एवढ्यात नातं कसं काय लागलं?

शिवराज : काका, हात जोडतो.

कचरू : तू. तू लावलीस.

शिवराज : मला लाव म्हणले. मी लावली. कोणी बाहेर येऊ नये, मारामारी वाढू नये, एवढंच म्हणले होते. रॉकेल मी नाय आणलं. खरं सांगतो, रॉकेलचं मला ठावच नव्हतं.

कचरू : अन् पेटल्यावर? पेटल्यावर तर कळलं ना? हात तिथंच होता ना तुझा? काढता येत होती ना कडी?

(शिवराज डोळे मिटून घेतो.)

कचरू : आत बांगड्यांचा खच पडलता दाराजवळ. माझी चंपा बांगड्या फुटंस्तोवर दार ठोकत होती. मी वाळूजला कंपनीत पाळीवर होतो. आलो तवा कडी तशीच होती. मी ह्या हातानं उघडली. चटका बसला. हे बघ. बघ म्हणतो ना! डोळे उघड!

अमृता : पप्पा, मारू नका! डोक्यात नको! मरेल तो!

कचरू : मरायलाच पायजे.

अमृता : तो मेला तर मोनिका कधीच बोलणार नाही! मेलेल्या भावाविरुद्ध कोणती बहीण कोर्टात उभी राहील? मला जिवंत पाहिजे हा. पप्पा, ऐकताय का? आपलं अपील पडून आहे. वकील काय म्हणाले? एक साक्षीदार आणा. फक्त एक. तो तिकडं आहे, त्या खोलीत.

कचरू : ती देईल साक्ष?

अमृता : आज विचारलं तर नाही देणार. म्हणते, हिंमत नाही. पण वर्षभर एका शेगडीवर भात लावायचाय आम्हाला. एका खिडकीत कपडे वाळत घालायचेत. सकाळी उठून मलाच बघायचंय तिला. आईसारखा चेहरा आहे माझा, तुम्हीच म्हणता.

शिवराज : आम्ही बोलावून घेऊ तिला. उद्याच तिकीट काढतो.

अमृता : काढा. ती तिकडं दुकानात काम करते, स्वतःचं भाडं स्वतः भरते. तुमच्या आईला सांगून झालंय तिचं, परत येणार नाही म्हणून. आणि ओढून आणायला जायचं तर व्हिसा लागतो. ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत पोरं भरली आणि आले, असं नाही तिथं.

कचरू : घे पाना.

अमृता : द्या.

कचरू : धर नीट, जड हाय. अन् त्याला फडकं दे. मोरीजवळचं.

शिवराज : डोक्याला बांधू का?

कचरू : डोक्याला रुमाल हाय तुझा. फडकं फरशीला. तुझं रक्त हाय, तू पूस.

शिवराज : मी?

कचरू : मग कोण? माझ्या बापानं तुमची वसरी जलमभर पुसली. पूस. त्या खाटेखाली पण गेलंय. हां. अजून. कोपऱ्यात. दुसरा हात वापर, बोट मोडलंय तुझं.

शिवराज : झालं.

कचरू : आता जा. पोलिसात जायचं तर जा. मी इथंच हाय, पळत नाय. ते विचारतील, त्यांच्या घरी कशाला गेलतास? सांग त्यांना. माझी बहीण तोंड उघडंल म्हणून भाडं द्यायला गेलतो, असं सांग.

शिवराज : मी पडलो म्हणून सांगीन. जिन्यावरून.

कचरू : तुझी मर्जी. अन् बापाला सांग, कचरूच्या पोरीनं खोली घेतली. अमृता, कडी काढ, जाऊ दे त्याला.

अमृता : गेला पप्पा. रिक्षात बसला.

कचरू : आतली कडी लाव परत.

अमृता : बसा. चहा ठेवते.

कचरू : कितव्या मजल्यावर हाय ती खोली?

अमृता : तिसऱ्या.

कचरू : जिना एकच?

अमृता : दोन आहेत. मागं लोखंडी आहे. आग लागली तर उतरायला.

कचरू : हे बरंय. ती झोपल्यावर तू झोपत जा.

अमृता : ती पण हेच म्हणाली, तू झोपल्यावरच मला झोप लागेल म्हणून.

कचरू : मग कसं करणार?

अमृता : जागू दोघी. परीक्षेचा अभ्यास तरी होईल.

कचरू : अन् दाराची कडी? बाहेरची म्हणतो मी. जाड असती का पातळ? हा पाना घेऊन जा बॅगेत. गेल्या गेल्या काढून टाक.

अमृता : नाही लागणार पप्पा. तिकडं दाराला बाहेरून कडीच नसते.