बंद घराची विचारपूस

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारावर रोज टकटक करून विचारपूस करायची, अशी नवी सोय पोलिसांनी काढली. मी कुठली म्हातारी! पण परगावची सून फोनवर फोन करून मागेच लागली, म्हणून चौकीत नाव द्यायला गेले. माझ्यापुढे दोघी मायलेकी हवालदाराशी बोलत होत्या.

"साहेब, आईला आज तिच्या घरी सोडतेय. उद्यापासून विचारपूस परत सुरू करा."

"परत? ताई, मी एक दिवस चुकवलेला नाही."

"अहो, महिनाभर आई माझ्याकडे आहे. घर बंद आहे."

"थट्टा करता काय? टकटक केली की आजी आतून ओ देतात."

"दार उघडतात?"

"नाही. गुडघे धरलेत म्हणतात."

"गुडघे माझे धरलेत रे बाबा! तिचे कशाला धरतील?"

"आजी, पुन्हा बोला बरं."

"काय बोलू, कपाळ माझं?"

"आवाज तर हाच."

"आई, तू गप्प बस. साहेब, चोर शिरला असेल."

"चोर रोज पोलिसाला ओ देईल, ताई? वर 'जेवलास का' विचारेल?"

"ते मी सगळ्यांनाच विचारते," म्हातारी हळूच म्हणाली. "आज काय म्हणाली ती?"

"आज घाबरल्या होत्या. म्हणाल्या, एक बाई लेकीला घेऊन येणार आहे, तिच्याकडे माझ्या घराची किल्ली आहे. तिला आत येऊ देऊ नकोस."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आजी, निर्धास्त राहा. दुपारी मी स्वतः दाराशी उभा राहतो."