आधी त्यांना वाचून दाखवा

सन्माननीय अध्यक्ष कुलगुरू महोदय, व्यासपीठावरील सर्व विभागप्रमुख, आज निरोप घेणाऱ्या सत्कारमूर्ती म्हणजे आमच्या संपादक बाई, आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या सहकारी व विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मी बाईंचा सहसंपादक. सारखा घड्याळाकडे बघतोय म्हणून कंटाळलोय असं समजू नका. माझा जीव थाऱ्यावर नाही, एवढंच. कारण सांगतो.

विद्यापीठ आणि आसपासच्या वस्त्या यांच्या नात्यावरचं संशोधन छापणं, हे आमच्या नियतकालिकाचं काम. बाईंनी आल्या आल्या नियम केला: ज्यांच्याबद्दल लेख, त्यांना तो आधी वाचून दाखवायचा, मगच छापायचा. ऐकायला किती छान वाटतं, नाही? एकदा करून बघा!

शिवणकाम करणाऱ्या बायकांवरचा लेख आठवतो. लेखिका त्यांच्यासमोर वाचायला बसली आणि पहिल्याच पानावर आलं, "गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शिलाईकाम करणाऱ्या एक ज्येष्ठ महिला चिडखोर आहेत." झालं! "मी चिडखोर?" म्हणून त्या टोकाच्या मावशी अशा कडाडल्या की विधान जागच्या जागी सिद्ध झालं. त्यांची सून तोंड फिरवून हसत होती. शेवटी तो शब्द गेला आणि मावशींचंच वाक्य छापलं, "दिवसभर मान मोडून शिवल्यावर मी कुणाशीच गोड बोलत नाही." पण या सगळ्यात लेख रखडला, लेखिकेची बढती लांबली आणि तिने बाईंशी बोलणं टाकलं. निरोपाला गोडगोडच बोलावं म्हणतात, पण हेही खरं आहे.

मीही कितीदा वैतागून म्हटलं, "बाई, सोडा की हा हट्ट!" त्या चष्मा पुसत विचारायच्या, "तुझ्याबद्दल कुणी लिहिलं, तर तुला आधी ऐकावंसं वाटणार नाही?" मग मी कपाळाला हात लावून पुढच्या वाचनाची तारीख ठरवायला लागायचो.

आता कुलगुरू महोदयांनी तो नियम रद्द केला आहे. उद्यापासून लेख थेट छापायचे. अंक वेळेवर निघतील, मान्य. पण महोदय, मला हे पटलेलं नाही, आणि आज बोललो नाही तर मला घास गोड लागणार नाही.

कारण बाईंनी हाती घेतलेला शेवटचा लेख वाचून दाखवायचा राहिलाय. विद्यापीठाच्या भिंतीपलीकडच्या वस्तीसाठी आपण थाटामाटात वाचनालय उघडलं आणि गुपचूप बंद केलं. ते का बंद पडलं, यावरचा तो लेख. त्याचं वाचन वस्तीतल्या सभागृहात आज संध्याकाळी पाचलाच ठरलं होतं. मग हा समारंभही नेमका आज पाचला ठेवला गेला. योगायोग असेल, असो. लोक तिकडे खुर्च्या मांडून बसलेत आणि लेखकाचा फोन माझ्या खिशात सारखा थरथरतोय. आज वाचन हुकलं, तर उद्या लेख तसाच छापायला जाईल. बाई, तुम्ही शिष्टाचार म्हणून बसून आहात, पण तुमची चुळबूळ मला इथून दिसतेय.

म्हणून माझी उरलेली पानं मी घडी घालून ठेवतो. त्यात बाईंची स्तुतीच होती, आणि ती ऐकायला त्यांना कधीच आवडलेलं नाही.

फक्त अध्यक्ष महोदयांना एक नम्र विनंती. त्या लेखात एक परिच्छेद आपल्याविषयी आहे. नाही, काय लिहिलंय ते मी इथे भरसभेत सांगणार नाही. छापण्याआधी ते ऐकण्याचा पहिला हक्क आपला. उद्यापासून तो हक्क कुणालाच नाही, पण आजचा दिवस अजून शिल्लक आहे. मागच्या फाटकातून सभागृह अगदी जवळ आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. तोंडून काही कमीजास्त गेलं असेल, तर तो माझा उतावीळपणा समजा आणि मोठ्या मनाने माफ करा. चहा परत आल्यावर घेऊ.

बाई, उठा. आणि महोदय, आपण येताय ना?