दौलतराव एमआरआयच्या बोगद्यात

आता मला सांगा, दुखतीय माणसाची कंबर, बधिर झालाय डावा पाय, आणि ती बाई विचारतीय डोळ्याचं... याला काय म्हणायचं? चाकणजवळचे आमचे दौलतराव, अर्धं आयुष्य शेतात आणि अर्धं कंपनीत, प्रेसवर आणि ग्राइंडिंगवर काढलेला माणूस, चालता चालता पायातली चप्पल निसटली तरी कळेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, चिंचवडला जाऊन एमआरआय काढा, शीर दबलीय की गाठबीठ आहे ते बघू. गाठ म्हटल्यावर दौलतरावांनी जेवण निम्म्यावर सोडलं. पण घाबरले नव्हते, तुम्हाला सांगतो. भूक नव्हती एवढंच.

तिथं दीपमाला म्हणून टेक्निशियन. तिनं करदोट्याची किल्ली काढायला लावली, चुन्याची डबी काढायला लावली, आणि वर विचारलं, “काका, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?”

“नाही,” दौलतराव म्हणाले.

मागून त्यांच्या मंजुळाबाई, “न्हाई कसं? ग्राइंडिंगला असताना गेला व्हता की. डोळा बांधून ओसरीवर बसला व्हता, च्यासुद्धा मीच हातात देत व्हते.”

झालं, आधी डोळ्याचा एक्स-रे. कारण एमआरआयच्या मशीनमधलं चुंबक इतकं ताकदीचं, की राहिलेला कण सरकला तर नजरच जायची. एक्स-रे स्वच्छ आला. दौलतराव बायकोकडं बघेनात... पण घाबरले नव्हते हो. पाणी मागितलं एवढंच.

“पण चुंबक माझं काय करणार? मी काय लोखंडाचा आहे?”

दीपमाला हसली. “अंगात पाणी आहे ना काका? त्या पाण्यातले बारीक कण चुंबकापुढं एका ओळीत येतात. आम्ही रेडिओच्या लहरीनं त्यांना जरा ढकलतो. लहर थांबली की ते परत जागेवर येतात, आणि येताना बारीक इशारा देतात. त्यावरून कॉम्प्युटर आतलं चित्र काढतो.”

“म्हणजे कंपनीतल्या आमच्या लायनीसारखं,” दौलतराव म्हणाले, “साहेब फिरकला की सगळे सरळ, गेला की ज्याचा तो जागेवर.”

“तसंच. फक्त तुम्ही हलू नका, चित्र पुसट येतं.”

मग बोगद्यात सरकवलं, हातात, दाबला की बाहेर घंटी वाजते असा रबरी फुगा दिला, आणि जो काही ठणठणाट सुरू झाला म्हणता... दुसरा माणूस ओरडत बाहेर आला असता. आणि हे? प्रेसच्या ठोक्यांत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस, तो आवाज ऐकला, जीव शांत झाला, आणि चक्क झोपले. झोपले ते झोपले, घोरायला लागले. पोट वर, पोट खाली. कानावरच्या हेडफोनमधून दीपमालाचा आवाज, “काका, झोपा, पण घोरू नका, सगळा मणका हलतोय.” पुन्हा पहिल्यापासून चित्रं.

शेवटी डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. “गाठ नाही. मणक्यातली चकती सरकून शीर दबलीय. ऑपरेशन आत्ता तरी नको, व्यायाम करा, पायात ताकद येईल.” दौलतराव म्हणाले, “परत एकदा सांगा.” डॉक्टरांनी परत सांगितलं. मंजुळाबाईंनी पदर डोळ्याला लावला, आणि दौलतराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले.

पाय आता सुधारतोय, चप्पल टिकतीय. रोज सकाळी अंगणात सतरंजीवर पालथे पडतात, आणि मंजुळाबाई खुर्ची टाकून बसतात, “मान वर... आजून वर... न्हाई, ह्ये धरत न्हाई मी, परत करा.” परवा मला हळूच म्हणाले, “राव, ते मशीनच बरं होतं. मधे मधे थांबायचं तरी.”