काकूनं गाईला वाट दाखवली

आमच्या पिशोरच्या काकूचं डोकं कसं चालायचं बघा. एका पावसाळ्यात माश्यांनी तिची गाय पार बेजार केली. चरायचं सोडून नुसते पाय आपटायची. दूध आटत चाललं. मग काकूनं कुरणाच्या फाटकात लिंबोळीच्या तेलात भिजवलेलं पोतं टांगलं, जाता-येता गाईच्या पाठीला तेल लागावं म्हणून. पण गाय पोत्याला बुजली, हलेचना.

काका म्हणाले, "नाय जायची ती."

काकूनं पदर खोचला, वाकून स्वतःच पोत्याखालून पलीकडं गेली. डोकं, लुगडं तेलानं माखलं. तिकडून हाक मारली, "ये माझी बाय!" गाय मुकाट मागं गेली आणि दिवसभर निवांत चरली.

संध्याकाळी काका नाक दाबून म्हणाले, "लई वास येतोय तुझा."

"तुम्ही बी निघा खालून, म्हंजी येणार नाय!"