तय्यब नंबर चार

आखातातल्या बौशरच्या जन्मदाखल्याच्या खिडकीपाशी रमणच्या पुढे वीस जण होते, तेव्हा कानांना तरी काम हवंच. मागच्या बाकावर इब्र्याहून आलेला टुरिस्ट-ड्रायव्हर तय्यब आणि तान्ह्याला घेतलेली त्याची बायको गुलबानू, दोघं दबक्या आवाजात भांडत होती.

"नाव तय्यबच. आमच्या दादांचं, अब्बांच्या अब्बांचं आहे."

"तुमचंही तेच, तुमच्या चुलतभावाचंही तेच! गेल्या ईदला तुमच्या तिकिटावर तोच रत्नागिरीला जाऊन आला."

"अगो, जर्मन पॅसेंजर सांगत होता. त्यांच्याकडे रॉयस म्हणून राजघराणं होतं. आठशे वर्षांपूर्वी कुणा हाइन्रिख बादशहाने त्यांच्यावर मेहरबानी केली. तेव्हापासून घरातला प्रत्येक मुलगा हाइन्रिख!"

"सगळे?"

"सगळे. ओळखायला नंबर. बहात्तर नंबरचा तर गादीवर बसला."

"आणि जेवायला हाक मारली की?"

"सगळे यायचे."

"रांधणारीला विचारलं होतं कुणी?"

"शंभर झाले की परत एकपासून मोजायचे."

"या अल्ला! आणि आपला कितवा?"

"चौथाच तर आहे."

"मी फॉर्मवर अरमान लिहिलंय."

"खोड ते!"

इतक्यात खिडकीतून पुकारा झाला, "तय्यब!"

तय्यब उठला. गाडी लावून नुकताच आत आलेला चुलतभाऊही दारातून ओरडला, "हां, आलो!"

"तुला नाही, मला बोलावलंय."

"नाव तर माझंच घेतलं!"

रमणने पाय आवरून वाट दिली. गुलबानू बाळासकट खिडकीशी पोचली.

"लिहा साहेब, अरमान. यल्ला, चटकन, त्या दोघांचं ठरायच्या आत."