हळूच लावलेलं दार

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, वाहन विभागातले माझे जुने सहकारी, ज्यांच्या निरोपासाठी आज हे सभागृह भरलं आहे ते आपले मिस्त्री, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी, आणि कामाचे कपडे बदलायला वेळ न मिळाल्यामुळे मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली वर्कशॉपची मंडळी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मिस्त्री, एक सोमवार तुम्हाला आठवतो का? सकाळी नऊची वेळ. फिरत्या वाचनालयाची गाडी आम्ही पाच जण मागून ढकलत होतो. पर्स गळ्यात अडकवून मीसुद्धा. आणि तुम्ही बाजूला, हात मागे बांधून उभे. मी वैतागून म्हटलं, "अहो, निदान हात तरी लावा!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "बाई, ढकलून गाडी चालू होईल, तिचं दुखणं जाणार नाही. थांबा जरा."

"थांबा जरा." एकतीस वर्षं या विभागाने हे दोन शब्द ऐकले. त्यावरून तुमच्या पाठीमागे सगळे तुम्हाला 'थांबामिस्त्री' म्हणतात. आज तोंडावर म्हणते, रागावू नका. वहिनी हसताहेत, म्हणजे हे घरापर्यंत पोचलेलं दिसतंय.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी त्या फिरत्या वाचनालयाची ग्रंथपाल होते. गाडीत दीड हजार पुस्तकं, एक मी आणि एक आमचे ड्रायव्हरकाका. काका तिसऱ्या रांगेत बसले आहेत. काका, डुलकी काढू नका, तुमचं नाव येणार आहे.

तर आमच्या गाडीला एक विचित्र आजार जडला होता. मंगळवार ते शुक्रवार ती शहाण्यासारखी चालू व्हायची. शनिवार-रविवार सुट्टी. आणि सोमवारी सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टिक्. बॅटरी उतरलेली. नवी बॅटरी घातली, तीही उतरली. तिसरी घातली. मग ऑफिसात कुजबुज सुरू झाली. गाडीची किल्ली काकांकडे. काकांना गाण्यांचं वेड. सुट्टीत शेडमध्ये येऊन गाडीतला रेडिओ ऐकत बसत असणार!

काकांचं गाणं म्हणजे काय होतं, ते मी ऐकलेलं आहे. दोन थांब्यांच्या मधे ते रेडिओबरोबर गुणगुणत, पण गायकाच्या अर्धी ओळ मागे. गायक थांबला तरी आमचं गाणं चालूच. तो रेडिओ एके दिवशी उचकटून काढला गेला. समोर एक चौकोनी भोक राहिलं, त्यात काका चष्मा ठेवू लागले.

पुढच्या सोमवारी पुन्हा टिक्.

मग निष्कर्ष निघाला की काका सुट्टीत गाडी बाहेर नेतात. त्यांना मेमो मिळाला. चौकशी संपेपर्यंत स्टोअरमध्ये नटबोल्ट निवडायला बसवलं आणि गाडी वर्कशॉपमध्ये आणून उभी केली. नोकरीची नऊ वर्षं बाकी होती हो त्यांची. तीन आठवडे गेले आणि बॅटरी अगदी ठणठणीत राहिली! साहेब म्हणाले, "बघा, काका नाहीत तर बॅटरी उतरत नाही. आणखी काय पुरावा हवा?"

मिस्त्रींची पद्धत तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. सगळं बंद करून बॅटरीची एक तार सोडवायची आणि मधे छोटासा दिवा जोडायचा. गाडीत कुठेही काही चालू राहिलं असेल तर तो दिवा पेटतो. मग एकेक फ्यूज काढत जायचं, दिवा विझला की चोराची वाट सापडली. पण त्यांचा दिवा पेटतच नव्हता. दोन दिवस त्यांनी गाडीची तार न् तार पाहिली. काही नाही.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ते माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, गाडी बंद करताना तुम्ही रोज काय काय करता?"

मी सांगायला लागले.

"सांगू नका. करून दाखवा."

सगळ्या खात्याला एवढंच दिसलं होतं की काका गाडीवर नाहीत. मीही नव्हते, हे फक्त या माणसाच्या लक्षात आलं होतं!

मी पुस्तकं रांगेत लावली, शिक्के डब्यात ठेवले, पुस्तकांवर पडदा ओढला. मिस्त्री मागच्या कप्प्यात माझ्या स्टुलावर बसून होते. त्या कप्प्याला खिडक्या नाहीत. म्हणाले, "आता मला विसरा आणि दार लावा." मी लावलं. बाहेर उभी राहिले. आतून काही आवाज नाही. बराच वेळ गेला.

"बाई, गेलात का?"

"नाही, इथेच आहे. काय झालं?"

"काही नाही. दिवा चालू आहे. मी वाचतोय."

मंडळी, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या सिस्टर सांगायच्या, दार असं लावावं की लागल्याचं फक्त त्या दारालाच कळावं. आपटलं की परत जाऊन दहा वेळा लावायचं. ते वळण हातात कायमचं बसलं. आणि आमच्या गाडीच्या दाराला होते दोन खटके. पहिल्या खटक्याला दार लागल्यासारखं दिसायचं, दुसऱ्याला खरं लागायचं आणि आतला दिवा विझायचा. माझं दार रोज पहिल्या खटक्यावर. एका रात्रीत बॅटरीला त्याचं काही वाटत नसे, पण शुक्रवार ते सोमवार तो दिवा तिला पुरता उतरवायचा. मिस्त्री स्वतः दार लावत तेव्हा शेडवरची कबुतरं उडत. त्यांना तो दोष सापडणार कसा?

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "असं दार लावायला कुणी शिकवलं?"

"सिस्टरांनी."

"त्यांच्याकडे गाडी नसणार."

मग त्यांनी तो दिवा विझवणारा दाराचा स्विच काढला, नवा बसवला आणि रिपोर्टात लिहिलं, 'स्विच खराब होता, बदलला.' मी म्हटलं, "अहो, पण तो चांगला आहे." ते म्हणाले, "स्विचला मेमो मिळत नाही, बाई." आणि तो जुना स्विच माझ्या हातावर ठेवला. "यापुढे जरा आपटा."

काका सोमवारी गाडीवर परत आले. सगळ्यांनी मिस्त्रींचं कौतुक केलं. मी गप्प बसले. आधी लाजेने, मग सवयीने. आपटायचं रोज ठरवायची आणि रोज हात आपोआप हळू व्हायचा. तरी बॅटरी पुन्हा उतरली नाही. मला वाटलं, नवा स्विच गुणी आहे.

भाषणाच्या शेवटी 'काही चुकलं असल्यास क्षमा असावी' असं म्हणतात. माझं काय चुकलं ते मला नेमकं माहीत आहे. काका, तो दिवा मी चालू ठेवत होते. तुमचे ते तीन आठवडे आणि तुमचा रेडिओ माझ्यामुळे गेला. मला क्षमा करा.

काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला, काका. ऐकलंत, मंडळी? काका विचारताहेत, "मग नऊ वर्षं मी रोज मागे जाऊन दार कशाला आपटत होतो, बाई?"

मला वाटायचं, तुम्ही कुलूप बघायला जाता...

मिस्त्री, तुम्ही सांगितलंत यांना? नाही? मान हलवताहेत. म्हणजे तुमचं तुम्हालाच कळलं होतं, काका. आणि एका शब्दानेही...

थांबा जरा. पाणी पिते.

अध्यक्षमहोदय, मी जास्त वेळ घेतला. सर्वांचे मनापासून आभार. आता या टेबलावरच्या वस्तूंचं सांगते आणि खाली बसते. घड्याळ विभागातर्फे मिस्त्रींना. फुलं वहिनींना, त्यांना कुणी विचारतच नाही. मिस्त्रींचा तो तारांचा दिवा, त्यांच्याच इच्छेप्रमाणे, त्यांच्या जागी आलेल्या इलेक्ट्रिशियन बाईंना. पक्ष्यांवरचं हे पुस्तकही मिस्त्रींना. त्या संध्याकाळी गाडीत तुम्ही चौदाव्या पानापर्यंत आला होतात, मी खूण तशीच ठेवली आहे. कागदात गुंडाळलेला रेडिओ काकांना.

आणि हा स्विचही काकांना. घ्या, काका. चांगला आहे. तेव्हाही चांगलाच होता.