मंत्रिसाहेबांचा डोळा

“माझ्या सहीशिवाय या राज्यात पान हलत नाही!”

“आजोबा, डोळा चोळू नका. गप्प बसा,” असं म्हणून नर्स आत गेली.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी खुद्द उद्योगमंत्री होते. त्यांच्या पलीकडे त्यांच्याच कारखान्यातून निवृत्त झालेला मिस्त्री बसला होता.

“ऐकलंस, मिस्त्री? मला आजोबा म्हणाली!”

“मग काय नवरदेव म्हणायचं, शेठ?”

“असं बोलणारं कुणी उरलं नाही रे. उठता-बसता नुसतं ‘हो साहेब’. मला कुठे व्हायचं होतं मंत्री? मी नको म्हणायच्या आत फलक लागले.”

“आम्हीच लावले. रविवारची सुट्टी गेली.”

“आता राजीनामा देतो आणि कारखान्यात येऊन बसतो. मोठ्या प्रेसचा आवाज बिघडला की आधी मलाच कळायचं.”

“ती प्रेस भंगारात गेली, शेठ. धाकट्या शेठनी नवी आणली. ती आवाजच करत नाही.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“उद्घाटन तुम्हीच केलंत की!”

“मी फीत कापतो रे. पलीकडे काय आहे ते बघायला वेळ कुठे देतात?”

“बरं, घरी औषध कोण घालतं डोळ्यात?”

“मीच. निम्मं गालावर जातं.”

“आणि बाहेर ते दोन पोलीस, एक सचिव?”

“त्यांना कसं सांगायचं?”

“माझा नंबर लागला, शेठ. येतो.”

“मिस्त्री, थांब जरा. ही बाटली घे. तेवढे दोन थेंब घालून जा.”